चार खोल्यांच्या पावत्या

आमच्या चार खोल्यांचा पाया खणला तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. निकाल बरा लागला होता, पण पुढे काय करायचं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण आमच्या घरातून तिथपर्यंत कोणी गेलंच नव्हतं. हेडमास्तरांनी बाबांना शाळेत बोलावून घेतलं आणि याला मुंबईला कॉलेजात घाला म्हणून सांगितलं. किती लागतील, असं बाबांनी विचारलं. हेडमास्तरांनी फीचा आकडा सांगितला आणि ती वर्षातून दोनदा भरावी लागते हेही सांगितलं. घरी येईपर्यंत बाबा एवढंच बोलले, "दोनदा. भात त एकदाच व्हतं."

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. डोंबिवली आणि ठाकुर्लीच्या मधे, स्टेशनकडे जाणाऱ्या गाडीवाटेला लागून आमची थोडी चढाची जमीन होती. तिथे भात होत नसे, नुसतं गवत. त्याच वाटेने रोज कोणीतरी नवा माणूस खोली मिळेल का म्हणून विचारत यायचा. बाबा बांधावर बसून अशा माणसांना "नाय बा" म्हणायचे. हेडमास्तरांना भेटल्यानंतर आठवड्याभराने त्यांनी एका माणसाला "पावसाअगोदर या" असं सांगितलं, आणि आम्हाला ते संध्याकाळी जेवताना कळलं.

पैसे नव्हते. खाडीकडच्या वीटभट्टीवाल्याला माती हवी होती. बाबांनी त्याच्याशी बोलून आमच्या खालच्या शेतातल्या एका तुकड्याची हातभर खोल माती त्याला दिली आणि बदल्यात चार खोल्यांपुरत्या विटा घेतल्या. पैसे कोणी कोणाला दिले नाहीत. आम्हाला वाटलं, विटा फुकटच पडल्या. पाऊस सुरू झाल्यावर त्या तुकड्यात गुडघाभर पाणी तुंबून राहिलं, लावलेला भात कुजला, आणि विटांची किंमत कळली. पुढची दोन वर्षं तिथे धड पीक आलं नाही.

कौलं आणि दारं-खिडक्या भाडेकरूंच्या पैशांतून झाल्या. दर खोलीला महिना दहा रुपये भाडं ठरलं आणि तीन महिन्यांचं आगाऊ घेतलं. ते सगळे पैसे सुताराला आणि कौलवाल्याला गेले. पहिले तीन महिने आता एक पैसाही येणार नाही, ही गोष्ट आई, बाबा आणि मी, आम्हा तिघांपैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. गणित हा माझा चांगला विषय होता, तरी माझ्याही नाही.

खोल्या आमच्या घरासारख्याच बांधल्या. म्हणजे आत मोरी नाही. आम्ही विहिरीवर आंघोळ करतो, भांडीही तिथेच घासतो, तेव्हा घरात पाणी कशाला सांडायचं, असा आमचा विचार. तिसऱ्या खोलीत एक मास्तर राहायला आले. मूळचे रत्नागिरीकडचे, ठाण्याच्या एका शाळेत शिकवायचे. त्यांच्या पत्नीने खोलीत पाऊल टाकलं, चारही कोपरे पाहिले आणि मला विचारलं, "भाऊ, मोरी कुठंय?"

मी विहिरीकडे बोट दाखवलं.

"तिथं? उघड्यावर? आणि रात्री पोराला धुवायचं तर कंदील घेऊन जायचं का मी?"

बाबा दुसऱ्या दिवशी पहार घेऊन आले आणि त्यांना म्हणाले, "कुठं पायजे ती रेघ मारा." त्यांनी कोळशाने रेघ मारली. चारही खोल्यांना मग तशाच मोऱ्या झाल्या. शहाडच्या कारखान्यात कामाला जाणारा पहिल्या खोलीतला कामगार त्यावर म्हणाला, "वहिनी, तुम्ही आधी आला असता तर इमारत सरळ झाली असती." वहिनी हे नाव तेव्हापासून पडलं. आम्हीही त्यांना वहिनीच म्हणू लागलो.

जूनमध्ये माझं नाव कॉलेजात घातलं. पहिल्या टर्मची फी गवताच्या पैशांतून गेली. दुसऱ्या टर्मची फी दिवाळीनंतर भरायची होती आणि ती खोल्यांच्या भाड्यातून यायची, असं ठरलं होतं. नाही भरली तर नाव कमी होणार होतं. माझ्यापुरता त्या खोल्यांचा हाच अर्थ होता.

जुलैमध्ये एका रविवारी मास्तर आमच्या ओट्यावर आले. त्यांचं रेशनकार्ड दादरच्या जुन्या पत्त्यावर होतं. ते इकडे बदलून घ्यायचं तर कचेरीत भाड्याची पावती दाखवावी लागत होती.

"तुम्ही आगाऊ घेतलंत त्याचीच लिहून दिलीत तरी चालेल," मास्तर म्हणाले.

बाबांनी विडी विझवली. "पावती नाय देत आमी."

"अहो, पण कायद्याने..."

"कायदा ठाव हाय माना."

मास्तरांना हे विचित्र वाटलं असणार. मला नाही वाटलं. मला कारण माहीत होतं, आणि त्या कारणात माझाही थोडा हात होता.

आमची जमीन पूर्वी आमची नव्हती. कल्याणच्या एका मालकाची होती. आजोबा आणि नंतर बाबा ती खंडाने कसायचे, म्हणजे दरवर्षी ठरलेलं भात मालकाच्या घरी नेऊन घालायचे. कुळांसाठी कायदा झाला तेव्हा प्रश्न आला की हेच कूळ कशावरून. मालकांकडून सांगितलं गेलं, की हा तर मजूर, आज हा तर उद्या दुसरा. त्या दिवशी कल्याणच्या कचेरीत बाबांनी कमरेला बांधून आणलेलं वेळूचं नळकांडं सोडलं, त्याचं बूच काढलं आणि टेबलावर उपडं केलं. आतून नऊ पावत्या निघाल्या. इतक्या वर्षांत मिळालेल्या खंडाच्या नऊ पावत्या. आजोबांनी त्या वाळवी लागू नये म्हणून वेळूत घालून आढ्याला बांधून ठेवल्या होत्या. त्या वाचून दाखवायला बाबांनी मला नेलं होतं. मी एकेक वाचली. पुढे यथावकाश जमीन आमच्या नावावर झाली. त्या दिवशी कचेरीतून घरी येताना मी मोठ्या तोऱ्यात बाबांना म्हणालो होतो, "बघ बाबा, माणूस कसतो म्हणून काही मिळत नाही. कागद असतो म्हणून मिळतं."

ते वाक्य बाबांनी धरून ठेवलं होतं.

मास्तर गेल्यावर ते मला म्हणाले, "त्याचा नाव आन् माझा नाव एका कागदावर नको. नऊ कागदांत आपल्याला शेत मिलला. त्याला तर नऊ महिन्यांतच नऊ मिलतील. आन् दार त त्याच्याच पैशाचा हाय."

"बाबा, ते शेतीचं. खोल्यांचा कायदा वेगळा असतो."

"तू वाचलास?"

मी वाचला नव्हता.

पण मास्तरांच्या घरात तांदूळ नाही हेही बाबांना पाहवेना. जास्तीच्या भावाने घेतलेला तांदूळ मास्तरांना परवडत नव्हता. दुसऱ्या दिवशी बाबांनी कणगीतलं भात काढून आईला सडायला लावलं आणि चार पायल्या तांदूळ तिसऱ्या खोलीत पोचवला. "रेशन पायजे ना? ह्यो घ्या. कागद कशाला?"

वहिनींनी तो घेतला. दुसरं करणार काय? ही गोष्ट लपणारी नव्हती. पंधरा दिवसांत शहाडचा कामगार आला. "बाबा, आमचंही कार्ड अजून गावाकडंच आहे हो." त्यालाही तांदूळ गेला. मग दुसऱ्या आणि चौथ्या खोलीतलेही आले. कोणाचं कार्ड खरंच अडलं होतं आणि कोणाचं नव्हतं हे आम्ही विचारलं नाही. आई सडता सडता म्हणायची, "भाडेकरू ठेवलेस का सोयरे?"

मी एकदा वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तांदूळ त्या वेळच्या भावाने धरला तर खोलीमागे आम्हाला मिळणाऱ्या दहा रुपयांपेक्षा जास्त माल आमच्याच घरातून जात होता. चार खोल्या भाड्याने देऊन आम्ही दर महिन्याला तोट्यात होतो. मी तो हिशेब बाबांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तांदूल सरल. घर त आपला राहील ना?"

गणपतीच्या सुमारास आईने कणगीवर हात मारून दाखवला. वरच्या बाजूला पोकळ वाजत होतं. नवीन भात यायला दोन महिने होते आणि खालचा तुकडा तर पाण्यातच होता.

त्याच सुमारास मास्तरांनी मला वाटेत गाठलं. "तू कॉलेजात जातोस. तूच लिहून दे ना पावती. वडिलांचं नाव घाल, खाली त्यांच्या वतीने तुझी सही. मी कोणाला सांगणार नाही."

मी त्या रात्री पावती लिहिली. अक्षर चांगलं यावं म्हणून दोनदा लिहिली. पण दिली नाही. तर्कशास्त्राच्या पुस्तकात ठेवून दिली आणि मास्तर दिसले की वाट बदलून जाऊ लागलो. हे मला आज लिहितानाही बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

मग मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन भाड्याचा कायदा मागितला. तो इंग्रजीत होता. शब्दकोश शेजारी ठेवून मी चार दिवस वाचत होतो. सगळं समजलं असं म्हणणार नाही. दोन गोष्टी मात्र समजल्या. एक, भाडं भरून कोणी खोलीचा मालक होत नाही. दुसरी, भाडं नियमाने भरणाऱ्या भाडेकरूला खोलीतून काढणं किंवा त्याचं भाडं मनाला येईल तसं वाढवणं मालकाला जवळजवळ अशक्य असतं.

घरी येऊन मी बाबांना पहिली गोष्ट सांगितली. दुसरी सांगितली नाही. मला फी हवी होती.

बाबांनी विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की." पण माझा आवाज नक्कीचा नसावा. त्यांनी विडी पेटवली आणि पावतीचं नाव काढलं नाही.

दसरा झाला आणि मास्तरांनी निरोप धाडला की त्यांनी ठाण्याच्या खोपट भागात एक खोली पाहिली आहे, तिथला मालक पावती देतो, तेव्हा दिवाळीनंतर ते खोली सोडतील. शहाडचा कामगारही जाण्याच्या गोष्टी करू लागला. त्याच संध्याकाळी वहिनी आमच्याकडे आल्या. ओट्याच्या कडेला बसल्या. आईने पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. म्हणाल्या, "भांडायला नाही आले. मोरी तुम्ही एका शब्दावर केलीत. एवढा कागद का देत नाही, तेवढं सांगा." बाबा आत होते. ते बाहेर आले नाहीत. वहिनी बराच वेळ बसल्या आणि तशाच उठून गेल्या. पाण्याचा तांब्या तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं. "चल. कल्यानला जायचा हाय."

"कोणाकडे?"

"मालकाकडं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ज्यांची जमीन आमच्याकडे आली त्या मालकांकडे? बाबा म्हणाले, "माना भाडेकरू ठेवून चार म्हयने झाले. त्यांच्या चार पिढ्या त्यातच गेल्या. विचारायचा त त्यांनाच."

मालक ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. म्हातारे झाले होते. बाबांना पाहून त्यांनी चष्मा वर केला. "काय रे? आता काय राहिलंय न्यायचं?"

बाबा पायरीवरच उभे राहिले. "सल्ला पायजे व्हता, मालक."

"मालक कोण इथं? मालक तू." पण त्यांनी बसायला सांगितलं. बाबा पायरीवर बसले, म्हणून मीही तिथेच बसलो. बाबांनी सगळं सांगितलं. तांदळाचं ऐकताना मालक आधी हसू दाबत होते, मग मोठ्याने हसले, मग त्यांना खोकला आला.

"म्हणजे भाडेकरूकडून दहा घ्यायचे आणि त्याला बाराचं जेवू घालायचं! अरे, मला असा मालक भेटला असता तर मीच राहायला आलो असतो."

बाबाही थोडे हसले. मग त्यांनी विचारलं, "पावती दिली त घर जाईल का?"

"घर जायचं नाही. मालकी तुझीच." मालकांनी घडी केलेलं वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं. "पण तो माणूसही जायचा नाही. भाडं देतोय तोवर त्याला तू हलवू शकणार नाहीस, आणि दहाचे वीसही करू शकणार नाहीस. तुझा मुलगा म्हातारा होईल आणि त्या खोलीत मास्तराचा मुलगा दहा रुपये देत बसलेला असेल. हे पोरानं नाही का सांगितलं? शिकतोय ना तो?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या तुझ्या पुस्तकात नव्हता?"

"होतं," मी म्हणालो.

बाबा पुन्हा मालकांकडे वळले.

मालक म्हणाले, "मी पावत्या द्यायला तयार नव्हतो. तुझा बाप मात्र भात घालून झालं की याच पायरीवर बसायचा. बस म्हण, ऊठ म्हण, हलायचा नाही. आतून पाणी आलं तर तेही घ्यायचा नाही. नऊ वेळा कंटाळून दिली. बाकीच्या वर्षी मी जिंकलो." ते पुन्हा हसले, पण कमी. "दिली नसती तर आज जमीन माझी असती. पण दिली नसती म्हणून तुझा बाप खोटा ठरला असता का, ते तू ठरव. माझा सल्ला संपला."

आम्ही रुळांच्या कडेने चालत परत निघालो. ठाकुर्ली येईपर्यंत बाबा पुढे आणि मी मागे. मग ते थांबले.

"माझा बा तितं बसाचा तवा मी खाली गाडीजवल बैल धरून उभा असाचो," ते म्हणाले. "पानी नाय घेतला का, ते माना कलायचा नाय. मी म्हनाचो, ताहान नसल लागली."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "घरी जाऊन पावती लिव."

"लिहिलेली आहे."

"कवा?"

"दीड महिना झाला. मास्तरांनी मागितली होती."

"मंग दिली का नाय?"

"तुझा अंगठा नव्हता, बाबा."

त्यांनी मान हलवली. कायद्यातलं अर्धंच का सांगितलंस, हे त्यांनी मला तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

संध्याकाळी चारही खोल्यांतल्या माणसांना बाबांनी ओट्यावर बोलावलं. माझी पावती त्यांनी वाचायला लावली आणि तिच्यात एक ओळ वाढवायला सांगितली, 'हे खोलीचे भाडे आहे, जमिनीचे नाही.' मग ती मास्तरांनाही मोठ्याने वाचायला लावली. शहाडचा कामगार म्हणाला, "मास्तर, चढ्या आवाजात वाचा, परीक्षा आहे." सगळे हसले. बाबांनी अंगठ्याला शाई लावली. आजवर त्यांनी अंगठा उठवला होता तो काहीतरी घेताना. पावती देताना उठवायची ही पहिली वेळ होती, त्यामुळे कुठे उठवायचा ते त्यांनी मला विचारून घेतलं. बाकी तिघांच्या पावत्या मी तिथेच बसून लिहिल्या.

मास्तर पावती खिशात घालू लागले तेव्हा बाबांनी त्यांना थांबवलं. आत गेले आणि वेळूचं एक नवीन, वीतभर लांबीचं नळकांडं घेऊन आले. दुपारी घरी आल्यावर मागे काहीतरी कापत बसले होते ते हेच, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी चार कापली होती.

"ह्यात ठेवा," ते मास्तरांना म्हणाले. "आपल्याकडं वालवी लई. बूच घट्ट लावा आन् आढ्याला बांधा. खाली ठेवू नका."

वहिनी मागे उभ्या होत्या. आईने तांब्या भरून आणला. वहिनींनी तो घेतला, पाणी प्यायल्या आणि पोराला हाक मारत खोलीकडे गेल्या.

मास्तरांनी खोपटची खोली घेतली नाही. महिन्याभरात त्यांचं कार्ड झालं, मग इतरांचीही झाली, आणि आमच्या घरातून तांदूळ जायचा थांबला. दुसऱ्या टर्मची फी मी शेवटच्या दिवशी भरली. तिच्यात तीन खोल्यांचं भाडं होतं. चौथ्या खोलीचं थोडं उशिरा आलं.

आता मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. डोंबिवलीत नव्या खोल्यांना वीस-पंचवीस भाडं मिळतं. आमच्या चारही खोल्यांत तेच लोक आहेत आणि भाडं दहाच आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला मी चार पावत्या लिहितो, बाबा अंगठा उठवतात. मागच्या महिन्यात मी मास्तरांच्या खोलीत गेलो होतो तेव्हा आढ्याकडे पाहिलं. नळकांडं जागेवर होतं. ते भरलं म्हणून वहिनींनी बाबांकडे दुसरं मागितलं होतं, आणि बाबांनी ते कापून दिलं होतं.